गाडी स्वस्त, संसार महाग

पावसाळ्यातील कोणत्याही रविवारी खडवली स्थानकाच्या परिसरातून भातसा नदीकडे जाणाऱ्या रस्त्यावर मोटारींची रांग लागते. मुंबई, ठाणे, कल्याण, डोंबिवली येथून येणाऱ्या सहलकऱ्यांची ही जुनी वहिवाट आहे आणि जिल्हा प्रशासनाचे मनाई आदेशही ती पूर्णपणे मोडू शकलेले नाहीत. मात्र या रांगेचे रूप अलीकडे पालटले आहे. छोट्या कौटुंबिक मोटारी आणि भाड्याच्या जीपगाड्यांच्या मध्ये ऑडी क्यू ७, बीएमडब्ल्यू एक्स ५, मर्सिडीझ एमएल, लँड रोव्हर डिस्कव्हरी अशी धूडे दिसू लागली आहेत. त्यांतील बऱ्याच गाड्या दहा-बारा वर्षांपूर्वीच्या आणि दुसऱ्या वा तिसऱ्या मालकाच्या हातातील असतात. जी गाडी नवी असताना साठ-सत्तर लाखांच्या घरात होती, ती आता सात ते दहा लाखांत, म्हणजे एखाद्या नव्या मध्यम हॅचबॅकच्या किमतीत मिळते. साहजिकच मोह होतो. पण या व्यवहारात एक गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते. गाडीची किंमत वयानुसार उतरते, तिच्या सुट्या भागांची उतरत नाही. सत्तर लाखांच्या गाडीचा कॉम्प्रेसर ती गाडी सात लाखांना विकली गेल्यावरही सत्तर लाखांच्या गाडीचाच कॉम्प्रेसर राहतो.

या गाड्या नेमक्या याच पट्ट्यात का दिसू लागल्या, याचे उत्तर जमिनीत आहे. भिवंडीची गोदामे पडघ्यापर्यंत येऊन पोहोचली, मुंबई-वडोदरा द्रुतगती मार्गासाठी कल्याण, अंबरनाथ आणि भिवंडी तालुक्यांत भूसंपादन झाले आणि समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा अखेरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. आमणे पडघ्यापासून जवळ, आणि पडघ्याहून खडवलीला यायला फाटा आहे. पिढ्यान्‌पिढ्या भात आणि वाल पिकविणाऱ्या घरांत भूसंपादनाचा मोबदला किंवा गुंठेवारीचे पैसे एकरकमी आले. अशा पैशाला प्रथम घर दिसते आणि मग दारातील गाडी. लग्नसराईत, ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत आणि हळदीच्या वरातीत या गाडीचे जे मोल असते, त्याची गणना कोणत्याही अर्थतज्ज्ञाला जमणार नाही. ते हसण्यावारी नेण्याचेही कारण नाही. ज्यांना शहराने आजवर ‘गाववाले’ म्हणून वागविले, त्यांनी शहराचीच सर्वांत मोठी खूण विकत घेतली, एवढाच त्याचा अर्थ.

पुरवठ्याची बाजू दिल्लीत आहे. राष्ट्रीय हरित लवादाने एप्रिल २०१५ मध्ये राजधानी परिसरात दहा वर्षांपेक्षा जुन्या डिझेल वाहनांवर बंदी घातली आणि सर्वोच्च न्यायालयाने २९ ऑक्टोबर २०१८ रोजी तिची अंमलबजावणी करण्यास सांगितले. १ जुलै २०२५ पासून दिल्लीतील पंपांवर अशा मुदतबाह्य वाहनांना इंधन नाकारण्याचा प्रयत्न झाला. तो काही दिवसांतच गुंडाळावा लागला, पण त्या धास्तीने महागड्या डिझेल गाड्यांचे भाव कोसळले. १२ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने केवळ वयाच्या निकषावर सक्तीची कारवाई करू नये असे म्हटले आणि डिसेंबरमध्ये हे संरक्षण भारत स्टेज चार व त्यापुढील वाहनांपुरते मर्यादित केले. या हेलकाव्यांत दिल्लीच्या मालकांनी गाड्या काढून टाकणे पसंत केले. ना हरकत प्रमाणपत्र घेऊन अशी गाडी महाराष्ट्रात आणता येते; येथे तिच्यावर उरलेल्या आयुष्याचा कर भरून नवा क्रमांक घ्यावा लागतो. दिल्लीतील भाव ऐकून हुरळलेला खरेदीदार हा कर आणि एजंटाचा हात धरतच नाही, ही हिशेबातील पहिली चूक.

दुसरी चूक अधिक महागात पडते आणि ती गाडीच्या खाली, चाकांच्या वर असते. या वर्गातील अनेक गाड्यांना पोलादी स्प्रिंगऐवजी हवेच्या पिशव्या असतात. रबराच्या या पिशव्यांत कॉम्प्रेसर हवा भरतो, चारही कोपऱ्यांवरील सेन्सर उंची मोजतात आणि संगणक त्यानुसार गाडी वर-खाली करतो. नव्या गाडीत याचे सुख अवर्णनीय असते. पण रबर हे शेवटी रबरच. आठ-दहा वर्षांत त्याच्या घड्यांना बारीक चिरा पडतात. रात्री उभी केलेली गाडी सकाळी एका बाजूला झुकलेली दिसते, हे पहिले लक्षण. इंजिन सुरू केल्यावर ती पुन्हा उचलली जाते म्हणून मालक दुर्लक्ष करतो. वस्तुतः त्या काळात कॉम्प्रेसर गळती भरून काढण्यासाठी अहोरात्र राबत असतो. तो तापतो आणि एक दिवस जळतो. एका पिशवीचे काम असताना लक्ष दिले असते तर जेवढ्यावर भागले असते, त्याच्या दुप्पट-तिप्पट खर्च मग अंगावर येतो.

आकड्यांत सांगायचे तर मूळ कंपनीचा एका चाकाचा एअर स्ट्रट साधारणपणे लाखाच्या पुढे जातो. पर्यायी उत्पादकांचा किंवा दुरुस्त करून दिलेला त्याच्या निम्म्याहून कमी किमतीत मिळतो. कॉम्प्रेसर पाऊण लाख ते लाखाच्या दरम्यान. गाडीचे मॉडेल आणि गॅरेज यांनुसार यात बरीच तफावत पडते. परंतु चारही कोपरे आणि कॉम्प्रेसर यांचे काम अधिकृत केंद्रात एकदम करायचे ठरविले तर गाडीच्या खरेदी किमतीचा निम्मा किंवा त्याहून मोठा वाटा तेथेच संपतो. म्हणूनच काही मालक पिशव्या काढून साधे स्प्रिंग बसवून घेतात. हा तोडगा अगदीच वाईट नाही, पण त्यानंतर डॅशबोर्डवरील इशारा दिवा संगणकाची समजूत घातल्याशिवाय विझत नाही, आणि ज्या सुखासाठी गाडी घेतली ते तर गेलेलेच असते. या यंत्रणेला सर्वांत जास्त सोसत नाहीत ते चिखल, बारीक खडी आणि खड्डे. पावसाळ्यातील मुंबई-नाशिक महामार्ग आणि त्याला जोडणारे ग्रामीण रस्ते यांच्यापाशी यांपैकी काय कमी आहे?

इंजिनांची कथा निराळी आहे. जर्मन डिझेल इंजिने दणकट नसतात असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. वेळेवर तेल बदललेले सहा सिलिंडरचे इंजिन तीन लाख किलोमीटरही निमूटपणे धावते. अडचण आहे ती हात पोहोचण्याची. ऑडीच्या तीन लिटर डिझेल इंजिनात टायमिंग चेन इंजिनाच्या पाठीमागे, गिअरबॉक्सच्या बाजूला असते. त्याच काळातील बीएमडब्ल्यूच्या सहा सिलिंडर डिझेल इंजिनातही तीच रचना आहे. सामान्य गाडीत चेन पुढे असते आणि मिस्त्री ती जागेवर बदलतो. येथे त्यासाठी इंजिन किंवा गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो. थंड इंजिन सुरू करताना काही क्षण येणारा खडखडाट ही चेन सैल झाल्याची खूण. विक्रेते मात्र गिऱ्हाईक यायच्या आधी इंजिन गरम करून ठेवतात. चेन तुटली तर पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांवर आदळतात आणि मग प्रश्न दुरुस्तीचा न राहता दुसऱ्या इंजिनाचा होतो.

मर्सिडीझच्या एमएलमधील तीन लिटर व्ही ६ डिझेलचे उदाहरण अधिक बोलके आहे. या इंजिनाच्या दोन रांगांमधील खोबणीत, टर्बो आणि इनटेक मॅनिफोल्ड यांच्या खाली, ऑइल कूलर बसविलेला असतो. त्याची रबरी सीले कालांतराने कडक होतात आणि तेल झिरपू लागते. सीलांची किंमत गाडीच्या मानाने क्षुल्लक असते, परंतु त्यांच्यापर्यंत जाण्यासाठी वरचे सारे बाजूला काढावे लागते. जाणत्या माणसाचेही त्यात दीड-दोन दिवस जातात. बिलात सामानाचा आकडा छोटा आणि मजुरीचा मोठा दिसतो तेव्हा ग्राहकाला आपण लुबाडले गेलो असे वाटते. या बाबतीत तरी ते बहुधा खरे नसते. लँड रोव्हरच्या डिस्कव्हरी ३ आणि ४ मध्ये टर्बोचे मोठे काम निघाले की अनेक गॅरेजे संपूर्ण बॉडी चॅसिसवरून उचलतात, कारण ते त्यातल्या त्यात सोपे पडते. या गाड्यांच्या व्ही ६ डिझेल इंजिनांत क्रँकशाफ्ट तुटण्याच्या तक्रारीही निरनिराळ्या देशांत झाल्या. अशी गाडी पाहताना जुन्या दुरुस्तीची कागदपत्रे नसतील, तर किंमत कितीही कमी असली तरी ती कमी नव्हे.

स्वयंचलित गिअरबॉक्सविषयी एक गैरसमज कंपन्यांनीच पसरविला. त्यातील तेल ‘आयुष्यभरासाठी’ असल्याचे सांगितले गेले. आयुष्य कोणाचे, हे सांगितले गेले नाही. यांतील अनेक गाड्यांना गिअरबॉक्स पुरविणारी झेडएफ ही जर्मन कंपनी स्वतः मात्र ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटर किंवा आठ वर्षांनी तेल बदलण्याचा सल्ला देते. हे काम काही दहा हजारांत होते. ते न केल्यास गिअर बदलताना झटके बसू लागतात आणि गिअरबॉक्स उघडावा लागला तर खर्च काही लाखांत जातो. शिळफाटा किंवा घोडबंदरच्या कोंडीत रोज तास-दीड तास इंच-इंच सरकणाऱ्या गाडीचा गिअरबॉक्स किलोमीटरच्या आकड्यावरून वाटतो त्यापेक्षा पुष्कळ अधिक झिजलेला असतो.

विजेच्या बिघाडांचे एक कारण तर निव्वळ कोकणी आहे. या गाड्यांच्या मोठ्या काचेच्या छतात पाणी वाहून जाण्यासाठी बारीक नळ्या असतात. झाडाखाली उभ्या राहणाऱ्या गाडीत त्या पानाकचऱ्याने तुंबतात, छतावरचे पाणी खांबातून उतरून पायातळीच्या गालिच्याखाली साचते आणि तेथेच किंवा सामानाच्या कप्प्याखाली बसविलेले नियंत्रक संगणक गंजतात. मग कधी दार उघडत नाही, कधी गाडी सुरू होत नाही. शेतघराच्या आंब्याखाली आठवडाभर उभी राहणारी आणि फक्त रविवारी बाहेर पडणारी गाडी म्हणून अधिक बिघडते. नळ्या साफ करायला अर्धा तास पुरतो.

यावर एक उलट युक्तिवाद केला जातो: याच वयाची टोयोटा फॉर्च्युनर कल्याण-मुरबाड रस्त्यावर रोज धावते, तिला काही होत नाही, मग जर्मन गाडीलाच काय धाड भरली? फॉर्च्युनर २००९ मध्ये भारतात आली. तिच्यात शिडीसारखी जाड चॅसिस आहे, पोलादी स्प्रिंगा आहेत, आणि तिचे काम करणारा मिस्त्री पडघ्यातही सापडतो. त्यामुळेच तिची जुनी किंमत फारशी उतरत नाही. दहा वर्षांची फॉर्च्युनर आणि दहा वर्षांची क्यू ७ शेजारी ठेवल्या तर पहिली पुष्कळदा महाग असते. बाजार मूर्ख नाही. नव्या किमतीत दुप्पट असलेली गाडी जुन्या बाजारात स्वस्त मिळते, याचा अर्थ येऊ घातलेली बिले बाजाराने आधीच वजा केलेली आहेत. ती बिले पुढे कोणाला तरी भरायचीच असतात.

ती बिले इतकी मोठी का, हा प्रश्न केवळ अभियांत्रिकीचा नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी चौदा मोटार उत्पादकांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. सुटे भाग आणि दुरुस्तीची तांत्रिक माहिती व उपकरणे खुल्या बाजारात न देता ग्राहकाला अधिकृत केंद्रांशी जखडून ठेवल्याचा ठपका त्यात होता. या चौदा जणांत बीएमडब्ल्यू, मर्सिडीझ, फोक्सवॅगन, स्कोडा होत्या, तशाच मारुती, टाटा आणि महिंद्रही होत्या. पुढे प्रकरण अपील आणि न्यायालयांच्या फेऱ्यांत अडकले. युरोपात २००२ च्या नियमावलीनेच स्वतंत्र गॅरेजांना निदानाची उपकरणे व माहिती मिळण्याचा मार्ग मोकळा केला होता. म्हणून तेथे पंधरा वर्षांची एक्स ५ गल्लीतील गॅरेजमध्येही निगुतीने चालविता येते. भारतात ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षअखेरीस एक पोर्टल सुरू केले. त्यात वाहन क्षेत्राचाही समावेश आहे. कायद्याचे बळ मात्र त्यामागे आलेले नाही. नाही म्हणायला, २२ सप्टेंबर २०२५ पासून सुट्या भागांवरील वस्तू व सेवा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. लाखाच्या भागामागे दहा हजार वाचले, हे खरे. पण रोग तेवढ्याने बरा होत नाही.

गंमत अशी की यांतील अनेक गाड्या महाराष्ट्रातच जुळविल्या जातात. मर्सिडीझचा कारखाना चाकणला, ऑडीच्या गाड्यांची जुळणी छत्रपती संभाजीनगरजवळील शेंद्र्याला, जग्वार लँड रोव्हरची पुण्यात. तरीही खडवलीत बंद पडलेल्या गाडीला टो करून ठाणे, नवी मुंबई किंवा मुंबई गाठावी लागते. कल्याण-डोंबिवली-उल्हासनगरात हात बसलेले मिस्त्री आहेत, त्यांच्याकडे स्कॅनरही आहेत. मात्र स्कॅनर दोषाचा क्रमांक दाखवितो, त्यावरून कारण ओळखणे हे कसब असते आणि नवा नियंत्रक बसविल्यावर तो गाडीशी जुळवून घेण्याचे सॉफ्टवेअर बहुधा कंपनीच्या ताब्यात असते. मग अंदाजाने एकामागून एक भाग बदलले जातात. भाग कुर्ल्याच्या भंगार बाजारातून किंवा दिल्लीच्या मायापुरीतून येतात. त्यांचा पूर्वेतिहास कोणालाच ठाऊक नसतो. दिवा किंवा दाराच्या बाबतीत हे चालून जाते. ब्रेक, स्टिअरिंग आणि एअरबॅग यांच्या बाबतीत त्याचा अर्थ फार गंभीर होतो. दोन टनांहून अधिक वजनाची आणि क्षणार्धात शंभराचा वेग गाठणारी गाडी जेव्हा निकृष्ट ब्रेक पॅडवर खडवली फाट्याच्या गर्दीत शिरते, तेव्हा मालकाच्या खिशाचा प्रश्न रस्त्यावरच्या इतरांचाही होतो.

विमा मदतीला येईल ही समजूतही तपासून पाहण्यासारखी आहे. विम्यातील गाडीचे घोषित मूल्य बाजारभावाच्या आसपास असते आणि दुरुस्तीचा खर्च या मूल्याच्या ७५ टक्क्यांहून अधिक झाल्यास गाडी पूर्ण नुकसान झालेली मानली जाते. आठ लाखांच्या मूल्यावर ही मर्यादा सहा लाखांची. पुढून बसलेली एक मध्यम धडक, म्हणजे दोन हेडलाइट, रेडिएटर, बॉनेट आणि फुटलेल्या एअरबॅग, एवढ्यावर या वर्गातील गाडी ती मर्यादा सहज ओलांडते. नव्या गाडीत जी किरकोळ दुरुस्ती ठरली असती, तिच्यापायी जुनी गाडी भंगारात जाते. त्याखालचा दावा मंजूर झाला तरी रबर, प्लास्टिक, टायर, बॅटरी, एअरबॅग यांच्या किमतीतून ५० टक्के घसारा कापला जातो आणि दहा वर्षांहून जुन्या गाडीच्या धातूच्या भागांतूनही तेवढाच. घसारा न कापणारे वाढीव संरक्षण इतक्या जुन्या गाड्यांना सहसा मिळत नाही.

पाण्याचे प्रकरण तर या भागात विशेष महत्त्वाचे. टिटवाळा परिसरातील काळू नदीवरचा रुंदे पूल अनेक पावसाळ्यांत पाण्याखाली गेला आहे आणि भातसेचे पाणीही सांगून वाढत नाही. उंच गाडी आहे म्हणून पाण्यात घालण्याचा मोह होतो. इंजिनाच्या हवेच्या मार्गाने सिलिंडरमध्ये पाणी शिरले तर ते दाबले जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. बंद पडलेले इंजिन पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न केल्याने झालेले नुकसान साध्या सर्वसमावेशक विम्यात धरले जात नाही. त्यासाठी इंजिन संरक्षणाची वेगळी जोड लागते, आणि तीही जुन्या गाडीला क्वचितच. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर बुडालेल्या कितीतरी गाड्या धुऊन-पुसून पुन्हा बाजारात आल्या होत्या. त्यानंतरच्या प्रत्येक मोठ्या पुरानंतर तेच झाले आहे. सीट बेल्ट पूर्ण बाहेर ओढून त्याच्या तळाशी चिखलाची रेघ आहे का हे पाहणे, एवढी साधी तपासणीही खरेदीदार करीत नाही. अधिकृत केंद्रात लिफ्टवर घेऊन गाडीची सविस्तर तपासणी करून घेण्याचा खर्च काही हजारांचा असतो. विक्रेत्याने तिला नकार दिला, तर त्यातच उत्तर मिळते.

वयाची पुढची पायरी परिवहन कार्यालयात आहे. पंधरा वर्षे पूर्ण झाली की खासगी गाडीची नोंदणी पाच वर्षांसाठी नव्याने करावी लागते. त्यासाठीचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून सहाशेवरून पाच हजार रुपये झाले. वीस वर्षांपुढील मोटारींसाठी ऑगस्ट २०२५ मध्ये ते दहा हजार करण्यात आले आणि आयात केलेल्या चारचाकीसाठी तर ऐंशी हजार. महाराष्ट्रात पंधरा वर्षांपुढील वाहनांवर २०१० पासूनचा पर्यावरण कर आहेच. पण या रकमांपेक्षा अवघड आहे ती पासिंगची परीक्षा, कारण धूर, ब्रेक, दिवे, स्टिअरिंग सारे काही त्या एका दिवशी ठाकठीक असावे लागते. ऑडीने भारतात वर्षाला दहा हजार मोटारींचा टप्पा प्रथम ओलांडला तो २०१३ मध्ये. त्या वर्षीच्या गाड्या २०२८ मध्ये पंधरा वर्षांच्या होतील. त्यांतील ज्या तोवर एमएच-०५ क्रमांक मिरवीत असतील, त्या कल्याणच्या परिवहन कार्यालयासमोर येऊन उभ्या राहतील, बहुधा तिसऱ्या किंवा चौथ्या मालकासह.